पीसीवर ऑनलाइन गेम अडकतोय: दोष पीसीचा, वायफायचा की लाइनचा?

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळताना गेम अडकायला लागला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. नेटवाल्याला फोन लावतात, नाहीतर ग्राफिक्स सरसकट ‘लो’ करून मोकळे होतात. गुण क्वचितच येतो, कारण दोष कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. खरं तर ते तासाभरात कळतं.

या दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. मुंबई-पुण्यात ठीकठाक फायबर असेल तर पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) साधारण ५ ते २० मिलिसेकंद दिसायला हवा. नागपूर, नांदेड किंवा गोव्याकडे २० ते ४०. रोज ८०-९० दिसत असेल तर ‘आमच्याकडे नेट असंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. कुठेतरी काहीतरी बिघडलेलं आहे.

## आधी आकडे स्क्रीनवर आणा

व्हॅलोरंटमध्ये सेटिंग्ज, मग व्हिडिओ, मग स्टॅट्स उघडा. क्लायंट एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात), नेटवर्क आरटीटी (म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले डेटाचे तुकडे) या तिन्हींपुढे आकडा आणि आलेख दोन्ही चालू करा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेटिंग्ज, गेम, टेलिमेट्री इथे फ्रेम टाइम (एक फ्रेम बनायला लागणारा वेळ), पिंग आणि हरवलेल्या पॅकेटची माहिती ‘ऑलवेज’वर ठेवा. ज्या गेममध्ये अशी सोय नाही तिथे एमएसआय आफ्टरबर्नर एफपीएस दाखवतं आणि पिंगसाठी पुढे दिलेली कमांड चालते.

मग एक डेथमॅच खेळा. जिंकायचं विसरा, गेम अडकतो त्या क्षणी कोणता आलेख उडी मारतो एवढंच बघा.

एफपीएस कोसळला आणि पिंग सरळ राहिला, तर दोष पीसीत आहे. एफपीएस सरळ आणि पिंगने १५ वरून २०० वर उडी मारली, किंवा पॅकेट लॉस शून्य सोडून वर गेला, तर दोष नेटमध्ये. तुमचं पात्र चार पावलं पुढे जाऊन परत मागे खेचलं जातं, ते बहुतेक वेळा पॅकेट लॉसमुळेच. तुमचे सगळे आलेख सरळ आणि एकच खेळाडू इकडून तिकडे उड्या मारतोय, तर नेट त्याचं खराब आहे. सगळेच खेळाडू एकदम थिजले तर सर्व्हरचा प्रश्न. अशा वेळी गेमचं सर्व्हर स्टेटस पान बघा आणि चहा घ्या.

दोन्ही आलेख एकाच क्षणी बिघडत असतील तर आधी पीसी तपासायचा. प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकला की आलेलं पॅकेटही गेमला वेळेवर हाताळता येत नाही, आणि स्क्रीनवर पिंग वाढलेला दिसतो. नेट बिचारं निर्दोष असतं.

एफपीएसचा सरासरी आकडाही फसवतो. सरासरी १४० असूनही खेळ खडखडत चालत असेल तर फ्रेम टाइम बघा. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी एक फ्रेम लागते, ६० हर्ट्झला १६.७. मध्येच एखादी फ्रेम ५० मिलिसेकंदांची आली तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला झटका बसतोच.

## पीसी: पैसे न लागणाऱ्या तपासण्या

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पीसीच्या मागे जाऊन बघा. यूएसबी पोर्टच्या ओळीत, मदरबोर्डच्या पट्टीवर लावली असेल तर ग्राफिक्स कार्ड असूनही बहुधा वापरलं जात नाहीये. केबल खालच्या बाजूला, आडव्या पट्टीवरच्या पोर्टमध्ये लावायची. नव्या असेंबल्ड पीसीत हा घोळ कमालीचा आढळतो.

मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रिफ्रेश रेट बघा. १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने अनेकदा ६० वर चालवत ठेवलेला असतो. विंडोज नव्याने टाकलं किंवा केबल बदलली की हे पुन्हा तपासायचं.

तिसरी तपासणी रॅमची, आणि इथे जरा थांबायला हवं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली ‘स्पीड’ आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ असे दोन आकडे दिसतात. पाकिटावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम इथे २१३३ किंवा २४०० दाखवत असेल, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारं सेटिंग, बंद आहे. रायझनच्या काही बोर्डांवर त्यालाच डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पो. चालू करा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा. डीडीआर५ च्या पीसीला त्यानंतरच्या पहिल्या वेळी सुरू व्हायला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळी राहते; घाबरून मेन स्विच बंद करू नका. खरंच सुरू झाला नाही, तर सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) क्लिअर केल्यावर सगळं मूळ सेटिंगवर येतं.

‘स्लॉट्स यूज्ड’पुढे चारपैकी एक दिसत असेल तर रॅम एकाच चॅनलवर चालते आहे, म्हणजे प्रोसेसरला मिळणारा मेमरीचा वेग निम्मा. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेणं शहाणपणाचं. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरवर हा फरक सर्वांत जास्त दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर पोसलेलं असतं.

## अडथळा प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डचा?

गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय. तिथे सावल्या, अँटी-एलियासिंग आणि रिझोल्यूशन कमी केलं की एफपीएस वाढतो. वापर ५०-६० टक्केच आणि तरी एफपीएस कमी असेल, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून बघा. एफपीएस जागचा हलला नाही, तर ग्राफिक्स लो करून काहीही मिळणार नाही. उगाच गेम कुरूप दिसेल. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे दोन्ही बऱ्याच पीसींवर असे प्रोसेसरवरच अडतात.

टास्क मॅनेजरमधला ‘सीपीयू ३५ टक्के’ हा आकडा इथे दिशाभूल करतो. तो सगळ्या कोअरची सरासरी असतो. गेमचं मुख्य काम एक-दोन कोअरवर चालतं; ती दोन पूर्ण भरली आणि बाकीची रिकामी बसली तरी सरासरी कमीच दिसते.

४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर नव्या गेमचं टेक्स्चर ‘हाय’वर ठेवलं की व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) भरते, उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि कोपऱ्यावर वळताना झटका बसतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणा. रॅमच ८ जीबी असेल तर खेळण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करा. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. नव्या मॅपच्या सुरुवातीला अडकणं त्याने बरंच कमी होतं.

ड्रायव्हर किंवा गेमचं मोठं अपडेट आलं की पहिले दोन-तीन सामने झटके बसतात, कारण शेडर (कार्डवर चालणारे, चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होत असतात. लगेच ड्रायव्हर मागे नेण्याची घाई नको. चार सामन्यांनंतरही तसंच राहिलं तर मात्र जुना ड्रायव्हर परत टाका. टाकण्याआधी नेटची केबल काढा आणि सेफ मोडमध्ये डीडीयू या सफाई करणाऱ्या प्रोग्रामने आधीचा ड्रायव्हर पुसा. नेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःच्या मर्जीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं.

एफपीएस वाटेल तेवढा पळू देण्यात फायदा नाही. फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरने कार्डाच्या तालावर चालण्याची सोय) चालू असेल तर रिफ्रेश रेटच्या जरा खाली मर्यादा घाला: १४४ साठी १३८ ते १४१. एनव्हिडिया कार्ड असेल आणि गेममध्ये रिफ्लेक्स (क्लिकचा उशीर कमी करणारी सोय) असेल तर ते चालू ठेवा. एकट्या व्ही-सिंकने (फ्रेम मॉनिटरच्या तालासाठी थांबवून ठेवण्याने) माउस जड लागतो, ते बंदच बरं.

‘एफपीएस बूस्टर’ नावाने मिळणाऱ्या प्रोग्रामांपासून लांब राहा. गेमच्या कोडमध्ये बाहेरून हात घालणारी कुठलीही गोष्ट अँटी-चीटला चीटसारखीच दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये खुद्द एएमडीच्या ड्रायव्हरमधलं अँटी-लॅग प्लस चालू केलेल्या काउंटर-स्ट्राइक २ च्या खेळाडूंवर बंदी आली आणि एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तर यूट्यूबच्या डिस्क्रिप्शनमधून उतरवलेल्या झिप फाइलची काय कथा!

## उष्णता

पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग एफपीएस हळूहळू निम्मा होतो, हे लक्षण तापण्याचं. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम ‘सेन्सर्स ओन्ली’वर उघडा आणि अर्धा तास खेळून आकडे बघा. बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो. ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळीपुढे ‘येस’ आलं की निदान पक्कं. रायझन ७००० मालिकेतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जड कामात ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत, तेव्हा नुसता आकडा पाहून धसका घेऊ नका. वेग पडतोय का, हे बघा.

खोली जितकी तापलेली, तितका प्रोसेसरही तापतो, जवळजवळ अंशाला अंश. विदर्भात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतील, तर डिसेंबरात निवांत चालणारा पीसी तेव्हा रडणारच. कॅबिनेट भिंतीपासून निदान वीतभर लांब ठेवा, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका. धूळ काढताना पीसी बंद करा, प्लग काढा आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ते गरागरा फिरलं तर बेअरिंग खराब होतं. पीसी तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्ट बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसायची आणि नवी मटारच्या दाण्याएवढी, मधोमध. जास्त थापून थंडावा वाढत नाही.

लॅपटॉप चार्जरवरच खेळा, आणि तोही मूळ चार्जरवर. १८० वॉटच्या गेमिंग लॅपटॉपला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तर बॅटरी चार्ज होते, पण गेम रांगतो. मागची बाजू दोन बोटं उचललेली ठेवा. गादीवर ठेवून खेळणार असाल तर पुढचं काही वाचू नका.

## नेट: सुरुवात घरातूनच

पिंगच उड्या मारतोय हे ठरलं, तर आता घराची हद्द आणि बाहेरची लाइन वेगळी करायची. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या. ‘डीफॉल्ट गेटवे’पुढचा पत्ता म्हणजे तुमचा राउटर, बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. (कमांड इथे देवनागरीत आहेत; टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे.)

आता दोन खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग -टी’ आणि राउटरचा पत्ता, दुसरीत ‘पिंग -टी’ आणि १.१.१.१. दोन्ही चालू ठेवून एक सामना खेळा. संपल्यावर कंट्रोल-सी दाबलं की किती पॅकेट हरवली, कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ किती, याचा गोषवारा खाली येतो.

केबलवर राउटरचा पिंग कायम एक मिलिसेकंदाच्या आत हवा. ५ गिगाहर्ट्झ वायफायवर १ ते ४, क्वचित १०. तो मध्येच १०० होत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दोष तुमच्या घरात आहे आणि नेटवाल्याशी भांडून काही होणार नाही. राउटरपर्यंत सगळं सरळ आणि १.१.१.१ चाच पिंग नाचतोय, तर पुढचे दोन भाग तुमच्यासाठी.

आपल्याकडे राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे असतो आणि पीसी आतल्या खोलीत. मध्ये आरसीसीचे दोन कॉलम आणि एखादं लोखंडी कपाट. यावर खात्रीचा उपाय एकच, लॅनची केबल. फायबरचं बॉक्स आतल्या खोलीत हलवण्याच्या फंदात पडू नका, ती बारीक वायर जास्त वाकली तरी सिग्नल पडतो. बॉक्स तिथेच राहू द्या आणि कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल दाराच्या चौकटीवरून न्या. १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मीटरवर केबल घ्याल तेव्हा ‘प्युअर कॉपर’ मागून घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ती वाकवली की तुटते आणि पिना नीट बसत नाहीत.

केबल लावल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. राउटर आणि पीसी दोन्ही गिगाबिट असून तिथे १००० ऐवजी १०० दिसलं, तर क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर) कच्चं आहे. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला फक्त १, २, ३ आणि ६. गेमला १०० भरपूर आहे, प्रश्न तो नाहीच. ज्या केबलची एखादी तार सुटली आहे तिच्या उरलेल्यांवर भरवसा काय? तिथेच पॅकेट हरवतात. कनेक्टर कापून नवा बसवा. क्लिप खाली, पिनांचं टोक तुमच्यापासून लांब, असं धरून डावीकडून क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही हाच. तारा सरळ करून एका रेषेत कापा आणि कनेक्टरच्या टोकाशी आठही तांब्याचे ठिपके दिसल्याशिवाय दाबू नका. केबलचं बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत यायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा तेच.

घरमालक केबल टाकू देत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव ठेवा आणि पीसी त्यालाच जोडा. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ. बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांचे पंधरा राउटर दिसत असतील तर २.४ वर खेळणं सोडाच. दिवसातून एक-दोनदा वायफाय मिनिटभर गायब होत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा चॅनल ३६ ते ४८ मध्ये पक्का करा. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारचा संशय आला की राउटर चॅनल सोडून पळतो. भिंतीत खोचायचा स्वस्त रिपीटर गेमसाठी घेऊ नका. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे पट्ट्या पूर्ण दिसतात आणि पिंग मात्र बिघडतो.

राउटर अधूनमधून स्वतःच रीस्टार्ट होत असेल तर आधी त्याचा ॲडॉप्टर बघा. वीज सतत येते-जाते अशा भागात तो आधी मरतो. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, बहुतेक १२. अँपिअर मूळ आकड्याइतके किंवा जास्त चालतात, कमी नाही. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेतानाही हाच हिशेब.

## पिंग फक्त कुणी नेट वापरलं की वाढतो

घरातली सगळ्यात दुर्लक्षित भानगड ही. एकटे खेळत असताना पिंग १५, आणि आईचा फोन चार्जिंगला लागला की २५०. चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळालं की फोन फोटोंचा बॅकअप चढवायला लागतो आणि अपलोड पूर्ण भरतं. राउटर जास्तीची पॅकेट टाकून देण्याऐवजी रांगेत उभी करतो, आणि तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट टोलनाक्यावर ट्रकांमागे अडकलेल्या स्कूटरसारखं मागे राहतं. क्लाउड कॅमेरा, वनड्राइव्ह आणि टॉरंट यांचंही हेच.

चाचणी सोपी आहे. १.१.१.१ ला पिंग लावून ठेवा आणि दुसऱ्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. डाउनलोड किंवा अपलोडच्या टप्प्यात पिंग नेहमीपेक्षा ३० ने वर उडत असेल तर रोग हाच.

पक्का उपाय म्हणजे एसक्यूएम (पॅकेटची रांग आवरणारी सोय) असलेला राउटर. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरमध्ये ‘केक’ नावाची रांग निवडा आणि डाउनलोड-अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. १०० एमबीपीएस मिळत असतील तर दोन्हींकडे ९०. दहा एमबीपीएस गेल्याचं कुणालाच कळत नाही. राउटरवर ‘क्यूओएस’ असं नुसतं बटण असेल आणि वेग भरायची जागाच नसेल, तर त्याकडून फार अपेक्षा नको. नवा राउटर घ्यायचा नसेल तर मुळाशी जा: फोनचा बॅकअप रात्री उशिराचा ठेवा, वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घाला, विंडोज अपडेटमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बंद करा. ते चालू असलं की तुमचा पीसी विंडोजची अपडेट दुसऱ्यांनाही वाटू शकतो.

प्लॅन १०० वरून ३०० करून पिंग कमी होत नाही. गेमला मोजकेच एमबीपीएस लागतात. डीएनएस बदलूनही होत नाही, कारण डीएनएस फक्त सुरुवातीला सर्व्हरचा पत्ता शोधायला लागतं. रजिस्ट्रीत टीसीपीचे आकडे बदलायला सांगणारे व्हिडिओही सोडून द्या; या गेमचा खेळ यूडीपी या वेगळ्या पद्धतीवर चालतो, त्याला त्या आकड्यांशी देणंघेणं नाही.

## घराबाहेरची लाइन

आधी राउटरच्या पानावर लॉगिन करून ऑप्टिकल पॉवर बघा, ‘आरएक्स पॉवर’ अशी ओळ असते. उणे १५ ते उणे २५ असेल तर छान. उणे २७ किंवा त्याखाली गेलं असेल तर फायबर कुठेतरी दबलंय, वाकलंय किंवा जॉइंट खराब आहे. हा आकडा फोनवर सांगितला की तक्रार भराभर पुढे सरकते, कारण तिथे ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर चालत नाही.

सिग्नल ठीक असेल तर पॅकेट कोणत्या वाटेने जातं ते तपासायचं. रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क भागात गेमच्या नावापुढे सर्व्हरचा पत्ता दिसतो, त्याला ‘ट्रेसर्ट’ ही कमांड लावा; वाटेतला एकेक राउटर आणि त्याचा वेळ ओळीने दिसतो. मधल्या एखाद्या ओळीत तारे किंवा १५० आलं, पण पुढच्या ओळी पुन्हा २० वर आल्या, तर ती ओळ सोडून द्या; तिथला राउटर पिंगला उत्तर द्यायला आळस करतो, एवढंच. वाढलेला आकडा तिथून शेवटपर्यंत तसाच राहिला तरच दोष. राउटरांच्या नावांत शहरांचे विमानतळी कोड असतात: बीओएम मुंबई, एमएए चेन्नई, एसआयएन सिंगापूर. पुण्याहून मुंबईला निघालेलं पॅकेट मध्ये सिंगापूर दाखवत असेल तर तुमच्या नेटवाल्याने वाट वाकडी केली आहे. मुंबईत टोक असलेलं व्हीपीएन चालू करून बघा. पिंग निम्मा झाला तर वाट चुकीची असल्याचा तो रोकडा पुरावा.

अंतरापुढे मात्र इलाज नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेतच ३,९०० किलोमीटर. तिथला पिंग ६०-७० असेल तर तो उत्तम समजा. युरोपातल्या मित्रांबरोबर त्यांच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांचा पिंग समुद्रातल्या केबलवर अवलंबून असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातूनही ही वाट मंदावली होती. तेव्हा घरात काहीही बदलून उपयोग नसतो.

थोडासा पॅकेट लॉस जातच नसेल, तर व्हॅलोरंटमध्ये नेटवर्क बफरिंग ‘मॉडरेट’ करा, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बफरिंग एक पॅकेट. काउंटर-स्ट्राइक २ चा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा हिशेब करतो (६४ टिक), तिथे एक पॅकेट म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंदांचा उशीर, पण खेचाखेच थांबते. सौदा बरा आहे.

जीटीए ऑनलाइनसारख्या, खेळाडूंना थेट एकमेकांशी जोडणाऱ्या गेममध्ये ‘स्ट्रिक्ट नॅट’ (बाहेरून थेट जोडणी अडते आहे, असा इशारा) दिसत असेल तर राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे नेटवाल्याकडून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा तिथे उपयोग नाही. नेटवाल्याकडे पब्लिक आयपी मागा. बरेच जण वेगळे पैसे घेऊन देतात.

तक्रार करताना ‘लॅग होतोय’ असं सांगू नका. रात्री ९ ला आणि सकाळी ७ ला घेतलेले दोन ट्रेसर्ट, त्याच वेळी राउटरचा पिंग सरळ असल्याचा स्क्रीनशॉट, आरएक्स पॉवरचा आकडा आणि पीसी केबलवर असल्याचा उल्लेख, एवढं एका मेलमध्ये पाठवा. सकाळी १५ आणि रात्री ९० असेल तर लाइनवर गर्दी आहे, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्या आणि जपून ठेवा. तक्रार न सोडवता बंद केली, तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत दाद मागता येते. तोवर मोबाइल हॉटस्पॉटवर एक-दोन सामने खेळून बघायला हरकत नाही. यूएसबी केबलने जोडा, वायफायने नको, आणि फोन खिडकीशी ठेवा.